उचलणे आणि ठेवणे

ठाणे-बेलापूर रस्त्याच्या पूर्वेस डोंगराच्या पायथ्यापर्यंत पसरलेली रबाळ्याची औद्योगिक वसाहत बाहेरच्या माणसाला रसायने, औषधे आणि यंत्रांचे सुटे भाग यांसाठीच ठाऊक असते. त्याच वसाहतीतील काही गाळ्यांतून आता एक निराळा माल टेम्पोत चढताना दिसतो: लांबट, चपटी, तपकिरी पुठ्ठ्याची खोकी. आत कपाट असते, पलंग असतो, मुलांचे अभ्यासाचे टेबल असते. मात्र ते कपाट अजून कपाट झालेले नसते. फळ्या, पाठीचा पातळ बोर्ड, बिजागऱ्या आणि स्क्रूची पुडी एवढेच त्याचे रूप. व्यापारात याला ‘नॉक-डाउन’ किंवा नुसते ‘के.डी.’ फर्निचर म्हणतात. रबाळ्याहून तिसऱ्या स्थानकावर, तुर्भ्याला, १८ डिसेंबर २०२० रोजी आयकियाचे मोठे दालन उघडले, आणि खोक्यातून येणारे कपाट ही गोष्ट नवी मुंबईत कुणाला नवलाची राहिली नाही. प्लायवूड, लॅमिनेट आणि हार्डवेअर यांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या समाजातील काही पेढ्याही या मालाकडे वळल्या आहेत.

अशा प्रत्येक पेढीच्या खतावणीत एक खाते असते: तूटफूट. कोपरा दुमडलेली फळी, कड फुटलेले दार, ओरखडा उठलेला आरसा, सारे त्यात जमा होते. वर्षअखेरीस बाकी नफा-तोटा पत्रकात वळती झाली की मालकाच्या लेखी विषय मिटतो. जाणत्या हिशेबनिसाला मात्र या खात्याच्या जमेच्या बाजूस अधूनमधून लहान लहान रकमा दिसतात. कुठे दोनशे, कुठे पाचशे. त्या असतात हमालाच्या मजुरीतून किंवा टेम्पोवाल्याच्या भाड्यातून कापून घेतलेल्या. रक्कम मालकासाठी किरकोळ असते. ज्याची कापली जाते, त्याच्यासाठी ती त्या दिवसाची चूल असते. म्हणूनच वस्तू खरोखर कुठे फुटते, हा प्रश्न केवळ पॅकिंगचा राहत नाही.

गंमत अशी की, सुट्या भागांचे फर्निचर मुळात वाहतूक सोपी व्हावी म्हणूनच जन्माला आले. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेट यांनी १८५९ साली वाफेवर वाकवलेल्या लाकडाची १४ क्रमांकाची खुर्ची बाजारात आणली. तिचे मोजके भाग स्क्रूने जोडता येत, आणि एक घनमीटरच्या पेटीत अशा ३६ खुर्च्या मावत. पुढे १९५०च्या दशकात स्वीडनमध्ये आयकियाच्या गिलिस लुंडग्रेन यांनी मोटारीत न मावणाऱ्या टेबलाचे पाय काढून ठेवले, ही हकीकत तर आता सर्वतोमुखी आहे. जोडलेल्या टेबलाचे पाय वाटेत मोडतात, सुटे पाय मोडत नाहीत आणि भाड्याची जागाही वाचते, हा त्यामागचा सरळ हिशेब. परंतु थोनेटची खुर्ची अस्सल बीचच्या लाकडाची होती. आजचे कपाट असते पार्टिकल बोर्डाचे, म्हणजे लाकडाचा भुसा व कपचे डिंकाने दाबून केलेल्या फळीचे. दोन्ही अंगांनी तिला चकचकीत लॅमिनेट असते. तिचे पोट भक्कम असते, पण कड आणि कोपरा दुबळा. त्यातही ज्या कडेजवळ जोडणीच्या गोल चकतीसाठी १५ मिलिमीटरचे छिद्र पाडलेले असते, तेथे चीर गेली तर कपाट उभे राहते पण घट्ट राहत नाही. ग्राहकाला हे सहा महिन्यांनी कळते.

बहुतेक मालकांचा समज असतो की माल रस्त्यावरील खड्ड्यांनी फुटतो. खड्डे निर्दोष आहेत असे कोणी म्हणणार नाही. मुंब्रा वळणरस्त्याने गेलेला कोणताही चालक ते सांगेल. पण घट्ट रचलेला, पट्ट्याने बांधलेला माल धक्के बराच सोसतो. खरा घात होतो तो चढवताना आणि उतरवताना, शेवटच्या एका फुटात. साधे गणित आहे. ४० किलोचे खोके ३० सेंटिमीटरवरून कोपऱ्यावर आपटले आणि तो कोपरा ३ मिलिमीटर चेपून थांबला, तर पडण्याची उंची थांबण्याच्या अंतराच्या शंभरपट होते. म्हणून कोपऱ्यावर सरासरी येणारा दाब वजनाच्या सुमारे शंभरपट, म्हणजे चार टनांच्या घरात जातो. त्याच कोपऱ्याला ३० मिलिमीटर दबणारी फोमची टोपी असेल, तर तो साडेचारशे किलोंच्या आसपास उतरतो. वरचा पुठ्ठा कितीही जाड घेतला तरी हे काम होत नाही, कारण जाड पुठ्ठा दबत नाही. पाच पदरी खोक्याच्या जागी सात पदरी घेऊन खर्च वाढवणारे आणि कोपऱ्यांना मात्र काहीच न लावणारे कारखानदार थोडे नाहीत.

फळ्यांची एकमेकींशी होणारी झटापटही वेगळीच. खोक्यात बोटभर मोकळी जागा राहिली की प्रत्येक धक्क्याला फळी सरकते, आणि लॅमिनेटवर लॅमिनेट घासून असा पट्टा उठतो की तो पुसून जात नाही. मध्ये फोमचा पातळ ताव असावा आणि उरलेली पोकळी मधाच्या पोळ्यासारख्या कागदी भरावाने बुजवावी. सर्वांत मोठी खोडी असते स्क्रूच्या पुडीची. ती खोक्यात सुटी टाकली की वाटभर हातोडीसारखी आपटत जाते. तिला फळ्यांपासून दूर, पुठ्ठ्याच्या स्वतंत्र कप्प्यात चिकटवून ठेवायला काही पैशांचाच खर्च येतो. बांधायच्या प्लास्टिक पट्टीखाली कागदी कोनपट्टी नसेल, तर पट्टी घट्ट ओढताना रक्षणासाठी केलेले बंधनच कड कापते.

रबाळ्याला या सर्वांच्या जोडीला आहे ती हवा. पश्चिमेस ठाण्याची खाडी, पूर्वेस डोंगर, आणि जून ते सप्टेंबर धो धो पाऊस. कोरड्या हवेत जे पुठ्ठ्याचे खोके निर्धास्तपणे भार सोसते, त्याची ताकद दमट हवेत जवळजवळ निम्म्यावर येऊ शकते. मे महिन्यात सहा थरांची रास निमूटपणे उभी राहते. जुलैत तीच रास खालचे खोके चेपून कलते. पार्टिकल बोर्डाचे तर विचारूच नये. त्याच्या उघड्या कडेला पाणी लागले की ती फुगते, आणि वाळल्यावर पूर्ववत होत नाही. यासाठी गोदामात खोकी जमिनीवर न ठेवता लाकडी पॅलेटवर ठेवणे, भिंतीपासून हातभर अंतर सोडणे, पावसाळ्यात दोन थर कमी रचणे आणि टेम्पोला फाटकी ताडपत्री न चालवणे, एवढे तरी व्हावे. लांब फळ्यांचे खोके दोन ओंडक्यांवर आडवे ठेवले की मधोमध वाकते. ते सपाट तळावर पूर्ण टेकवावे, किंवा लांब कडेवर उभे करून बांधावे. उचलतानाही कडेवर उभे धरावे.

येथवर आल्यावर श्रावकाच्या मनात एक शब्द सहज उमटायला हवा. मुनींच्या पाच समितींमध्ये चौथी आहे आदान-निक्षेपण समिती, म्हणजे वस्तू उचलताना आणि ठेवताना पाळावयाची सावधानता. पिच्छी असो वा रजोहरण, आधी जागा पाहायची, पडिलेहण करायचे, मग पात्र किंवा शास्त्र उचलायचे आणि तसेच ठेवायचे. हेतू सूक्ष्म जीवांच्या रक्षणाचा आहे, कपाटाच्या कोपऱ्याचा नव्हे, हे खरे. तरीही उचलणे आणि ठेवणे या दोन क्षुल्लक क्रियांना स्वतंत्र नियम देण्याइतके महत्त्व ज्या परंपरेने दिले, त्या परंपरेतील पेढीवर माल फेकला जात असेल तर ते विसंगत दिसते. गृहस्थाच्या अहिंसाणुव्रताच्या अतिचारांत अतिभारारोपणही सांगितले आहे, म्हणजे झेपेल त्याहून अधिक ओझे लादणे. त्याच मालिकेत अन्नपाण्याची आडकाठीही आहे. एकट्या हमालाच्या पाठीवर पन्नास किलोंचे, दोन मीटर लांबीचे, धरायला कुठेही खाच नसलेले खोके द्यायचे, ते निसटले की त्याची मजुरी कापायची! यात दोन्ही अतिचार किती जवळ येतात, हे ज्याचे त्याने पाहावे. शेजारच्या तुर्भे-वाशीच्या बाजारपेठेला माथाडींच्या श्रमाची किंमत ठाऊक आहे. अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यामागून १९६९ साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला तो उगीच नव्हे.

उपाय मात्र कायद्यापेक्षा सोपे आहेत. खोक्याला दोन्ही टोकांना हात घालण्याच्या खाचा असाव्यात. पंचवीस-तीस किलोंहून जड कपाट दोन खोक्यांत विभागावे, आणि तसे जमत नसेल तर ‘दोन माणसांनी उचलावे’ हे चित्राने दाखवावे. छत्री, पेला आणि वर जाणारे बाण ही चिन्हे जगभर ठरलेली आहेत. इंग्रजी सूचनेपेक्षा ती हमालाला लवकर कळतात. सोबत मराठी-हिंदीत दोन शब्द मोठ्या अक्षरांत असले तर उत्तमच. पॅकिंग पुरेसे आहे की नाही हे अंदाजाने ठरवण्याचीही गरज नाही. १९६६ साली स्थापन झालेली भारतीय पॅकेजिंग संस्था अंधेरीला आहे आणि तेथे खोक्यांच्या चाचण्या होतात. आंतरराष्ट्रीय प्रघातातील एका चाचणीत खोके दहा वेळा पाडतात: एक कोपरा, त्यातून निघणाऱ्या तीन कडा आणि सहाही बाजू. हीच परीक्षा मालकाने आपल्या गाळ्यात, स्वतः उभे राहून, एका खोक्यावर घ्यावी. एक कपाट वाया जाईल. पण तूटफूट खात्यातील निम्म्या नोंदींचे कारण त्या दुपारी उमगेल.

विमा आहे, मग चिंता कशाची, असे म्हणणाऱ्यांनी पॉलिसीची अपवादांची यादी वाचावी. अपुऱ्या किंवा अयोग्य पॅकिंगमुळे झालेले नुकसान देशांतर्गत वाहतुकीच्या प्रचलित विमा-अटींत वगळलेले असते. वाहतूकदाराचेही तसेच. १८६५च्या जुन्या कायद्याच्या जागी आलेल्या २००७च्या रस्ते वाहतूक कायद्यान्वये व त्याखालील नियमांन्वये, बिल्टीवर मालाची अधिक किंमत आधीच जाहीर केलेली नसेल, तर भरपाई सर्वसाधारणपणे भाड्याच्या दहापटीपर्यंतच मर्यादित राहते. समजा, एका खोक्याचे पुण्यापर्यंतचे भाडे ४०० रुपये झाले, तर भरपाईची कमाल मर्यादा ४,००० रुपये. आत कपाट मात्र १८,००० रुपयांचे. दाव्यापूर्वीची लेखी नोटीस माल नोंदवल्यापासून १८० दिवसांच्या आत द्यावी लागते, तीही अनेकांची हुकते. पूर्वजांची रीत या बाबतीत अधिक चोख होती. हुंडेकरी ठरावीक रकमेत माल मुक्कामी पोहोचवण्याचे पत्करी. जोखमी हुंडीत तर हुंडी विकत घेणारा सराफच वाटेची जोखीम उचले. माल पोहोचला तर पैसे, बुडाला तर हुंडीही बुडाली. म्हणून अशी हुंडी घेण्यापूर्वी तो माल कसा आहे, कसा बांधला आहे याची चौकशी करी. आज बिल्टी फाडणारा, विमा देणारा आणि खोके बांधणारा हे तिघे एकमेकांना पाहतही नाहीत. उरतो तो टेम्पोजवळ उभा असलेला हमाल, आणि बोट त्याच्याकडे दाखवणे सर्वांना सोयीचे पडते.

ज्या घरी खोके पोहोचते त्या गृहिणीनेही घाई करू नये. चलनावर सही करण्यापूर्वी चारही कोपरे पाहावेत, दबलेला दिसला तर मोबाइलवर छायाचित्र घेऊन चलनावरच तसे लिहावे. टेम्पोवाल्याला पाणी विचारावे. त्याला अजून तीन घरी जायचे असते. फळ्या जमिनीवर टेकवण्यापूर्वी रिकामे खोके उलगडून खाली पसरावे, म्हणजे फरशीवर ओरखडा उठत नाही आणि फळीवरही. आणि कारखानदाराने स्क्रूच्या पुडीत ठरल्या संख्येपेक्षा दोन स्क्रू जास्तीचे टाकावेत. रविवारी संध्याकाळी, जोडणी अर्धी झालेली असताना, एखादा तरी पलंगाखाली जातोच.