कादंबरी संपल्यावर उरणारे

कादंबरी वाचून बराच काळ लोटला की तिचे कथानक, म्हणजे कार्यकारणभावाने जोडलेली घटनांची मालिका, वाचकाच्या मनात विरत जाते, पात्रांची नावे आठवेनाशी होतात आणि तरीही ती कादंबरी आपल्यापाशी आहे अशी त्याची खात्री असते. जे उरते त्याचे मूळ बहुधा निवेदनात, म्हणजे गोष्ट कोण, कोणाला आणि किती हातचे राखून सांगतो या रचनेत असते. कारण राखलेला भाग वाचकाने स्वतः भरून काढलेला असतो आणि स्वतः केलेले काम सहजासहजी विसरले जात नाही.

सचिन कुंडलकर यांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) याचा चांगला नमुना आहे. पुण्यातील एका मध्यमवर्गीय घरात भाड्याने राहायला आलेल्या तरुणावर त्या घरातील तनय आणि अनुजा ही दोन्ही भावंडे प्रेम करतात आणि तो दोघांनाही सोडून जातो, एवढेच तिचे कथानक. पहिल्या भागात तनय त्या निघून गेलेल्या तरुणाला उद्देशून बोलतो, दुसऱ्या भागात अनुजाची रोजनिशी येते, आणि तो तरुण मात्र अखेरपर्यंत निनावी राहतो व त्याची बाजू कोठेही येत नाही. तनयचे म्हणणे आधीच ऐकलेले असल्यामुळे अनुजाची साधी नोंदही वाचकाला साधी राहत नाही. दोन्ही कथने ताडून पाहताना त्याच्या ध्यानात येते की ज्याच्या सवयी, रंग आणि कपडे दोघांनी इतके बारकाईने टिपले तो माणूस दोघांनाही फारसा कळलेला नव्हता. हे वाक्य कादंबरीत लिहिलेले नाही. ते वाचकानेच जुळवायचे आहे.

सदानंद देशमुख यांच्या ‘बारोमास’ला (२००२) २००४ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी नसलेला एकनाथ वऱ्हाडात शेती करतो आणि त्या घरात त्याची पत्नी अलका रमत नाही. वाचक प्रथम अलकाला हेकट ठरवतो. पण घरातली भांडणे वाढत जातात तसतसे तिचेही खरे आहे आणि सासरच्यांचेही खरे आहे हे मान्य करणे त्याला भाग पडते, आणि कलहाचे मूळ स्वभावात नसून पाऊस, कर्ज, पडलेले भाव आणि नोकरीसाठी मागितली जाणारी लाच यांत आहे, हे हळूहळू उलगडते. संवादांतील बोली, म्हणजे त्या मुलखात रोज बोलली जाणारी भाषा, प्रमाण मराठीला सरावलेल्या वाचकाचा वेग कमी करते, आणि या कादंबरीला तोच वेग मानवतो.

२०२३ सालच्या साहित्य अकादमी पुरस्काराची मानकरी ठरलेली कृष्णात खोत यांची ‘रिंगाण’ विस्थापनाची, म्हणजे धरणामुळे गाव सोडून दुसरीकडे वसावे लागण्याची, गोष्ट सांगते. मागे राहून रानटी झालेल्या म्हशीला परत आणायला देवाप्पा जुन्या मुलखात जातो. म्हशीला पुन्हा दावणीला बांधणे हा तिच्यावर उपकार की जुलूम, हा प्रश्न वाचकाला पडतो आणि उत्तर शोधताना उठवून दुसरीकडे नेलेली माणसे त्याच्या नजरेसमोर येतात. पुनर्वसनावरचे भाषण जे साधत नाही ते येथे एका जनावराच्या पाठलागातून साधले आहे.

तेव्हा कादंबरीची थोरवी विषयाच्या मोठेपणावर किंवा पानांच्या संख्येवर ठरवू नये. वाचताना आपले कोणते मत किती वेळा बदलावे लागले, यावर ती ठरवावी. ही कसोटी पारखून पाहू इच्छिणाऱ्याने ‘कोबाल्ट ब्लू’मधील तनयचा भाग अनुजाची रोजनिशी संपल्यावर पुन्हा एकदा वाचावा.