गणित-विज्ञानाचा एकटा शिक्षक

शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात सहावी ते आठवीसाठी एक नियम आहे. विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्रे आणि भाषा या तीन गटांना किमान एकेक शिक्षक हवा. २००९च्या या कायद्यातला हा नियम योग्यच आहे. मात्र बेताचा पट असलेल्या खेड्यातल्या शाळेत 'किमान एक' म्हणजे 'एकच' असे होऊन बसते. इंदापूर तालुक्यातल्या अशाच एका शाळेत मी गणित-विज्ञान शिकवते. सहकारी आहेत आणि चांगले आहेत. पण सातवीच्या मुलांचे समप्रमाणात घोडे नेमके कुठे अडते, यावर चार शब्द बोलायला त्या आवारात दुसरे कोणी नाही. सुप्यापासून पळसदेवपर्यंत बारामती-इंदापूरच्या पट्ट्यात माझ्यासारखे अनेक जण आपापल्या शाळेत असेच एकेकटे आहेत. ऑनलाइन प्रशिक्षणाबद्दलचे माझे मत या एकटेपणातूनच तयार झाले आहे. माझ्या मते त्याचा खरा उपयोग विखुरलेल्या विषयशिक्षकांची एकमेकांशी गाठ घालून देण्यात आहे. आपण ते व्हिडिओ आणि प्रमाणपत्रे वाटायला वापरतो आणि पुढे निष्पन्न काही झाले नाही की ऑनलाइनलाच नावे ठेवतो.

आजची घडी कशी आहे ते पाहू. दरमहा केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या समूहाची, शिक्षण परिषद होते. पहिलीच्या बाईंपासून आठवीच्या सरांपर्यंत सगळे एका खोलीत बसतात आणि योजना, पोषण आहार, शिष्यवृत्ती, भरायच्या लिंका यांत बराचसा वेळ जातो. त्यात केंद्रप्रमुखांचा दोष नाही. सगळ्यांना लागू पडेल असेच त्यांना बोलावे लागते. मोठ्या प्रशिक्षणांचेही तेच. निष्ठा या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचा पहिला टप्पा पहिली ते आठवीसाठी होता आणि तो आपल्याकडे २०१९-२० मध्ये समोरासमोर झाला. २०२१ मध्ये दीक्षा या पोर्टलवर ऑनलाइन लाट आली, तेव्हा निष्ठा २.० नववी ते बारावीसाठी होती आणि ३.० पायाभूत साक्षरता व अंकज्ञानासाठी, म्हणजे पाचवीपर्यंत. सहावी ते आठवी दोन्हींच्या मधल्या फटीत राहिली. ज्यांना ही प्रशिक्षणे मिळाली त्यांच्याही वाट्याला विषय थोडाच आला: माध्यमिकच्या तेरा कोर्सपैकी बारा सर्वांना सामाईक होते, स्वतःच्या विषयाचा एकच. समावेशन, मूल्यमापन, कला-एकात्मिक अध्ययन हे सारे हवेच; पण गणिताच्या शिक्षकाला वर्गात रोज जे छळते ते त्यात येत नाही.

रोज छळते ते काय? विषयाची माहिती आता कुठेही मिळते, मोबाइलवर तर ढिगाने. कमी पडते ते त्या विषयातला गुंता मुलाच्या डोक्यात कसा होतो याचे ज्ञान. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये याकडे लक्ष वेधले: विषय येणे आणि शिकवण्याच्या सामान्य पद्धती येणे यांखेरीज तो विशिष्ट विषय शिकवण्याचे म्हणून एक वेगळे ज्ञान असते. लिपिंग मा यांच्या १९९९च्या पुस्तकात त्याचा पडताळा आहे. त्यांनी अमेरिकेतल्या २३ आणि चीनमधल्या ७२ शिक्षकांना पावणेदोन भागिले अर्धा हे गणित सोडवायला आणि त्यावर शाब्दिक उदाहरण रचायला सांगितले. अमेरिकेतल्या निम्म्याहून कमी शिक्षकांचे उत्तर बरोबर आले आणि योग्य उदाहरण जवळजवळ कोणालाच रचता आले नाही. अनेकांनी अर्ध्याने भागण्याऐवजी दोनाने भागण्याची गोष्ट सांगितली. चीनमधल्या सगळ्यांचे उत्तर बरोबर होते आणि दहातल्या नऊ जणांना उदाहरणही रचता आले. पावणेदोन लिटर दूध अर्ध्या लिटरच्या पिशव्यांत भरले तर साडेतीन पिशव्या होतात, अशा जातीचे. विशेष म्हणजे या चिनी शिक्षकांचे औपचारिक शिक्षण अमेरिकन शिक्षकांपेक्षा कमी वर्षांचे होते. फरक होता तो कामाच्या रीतीत. ते गणिताच्या इतर शिक्षकांबरोबर बसून पाठ्यपुस्तकाचा कीस काढत. एकट्या शिक्षकाला नेमके हेच मिळत नाही.

आमच्या भागातले उदाहरण घेते. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर या कारखान्यांच्या परिसरात उसाचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचे प्रमाण) आणि एफआरपी (उसाचा किमान दर) हे शब्द मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडतात. २०२४-२५च्या हंगामासाठी केंद्र सरकारने एफआरपी ठरवली ती १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३४० रुपये, आणि पुढच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला ३ रुपये ३२ पैसे जास्त. या एका ओळीत सहावी ते आठवीचे निम्मे अंकगणित आहे. १०.२५ मोठे की १०.३, असे विचारले तर बरीच मुले १०.२५ म्हणतात, कारण पंचवीस तिनापेक्षा मोठे. हे उत्तर नुसते चूक म्हणून खोडले तर मूल गप्प बसते. दशांशचिन्हाच्या उजवीकडचा भाग ते सुटी पूर्णसंख्या म्हणून वाचते आहे हे लक्षात आले तर पुढचा प्रश्न सुचतो: १०.२५ मध्ये ०.१ मिळवा, किती झाले? १०.३५. मग १०.३ कुठे बसते? आठवीला याच्याही पुढे जाता येते. हे ३ रुपये ३२ पैसे आले कुठून? ३४० ला १०२.५ ने भागा, ३.३१७ येते. म्हणजे उतारा ज्या पटीने वाढतो त्याच पटीने भाव वाढवला आहे आणि सरकारी आकड्यामागे निव्वळ समचलन आहे. ११.२५ उतारा असेल तर टनाला ३७३२ रुपये होतात, तोडणी-वाहतूक वजा होण्याआधी. दिल्लीत किंवा पुण्यात तयार झालेल्या व्हिडिओत हे येणार नाही, आणि यावे अशी अपेक्षाही गैर आहे. ते भवानीनगरजवळच्या शिक्षकाला सुचेल आणि सोमेश्वरनगरजवळचा त्यात भर घालेल. फक्त दोघांची गाठ पडायला हवी.

ऑनलाइन साधन इथे कामाला येते. दोन्ही तालुक्यांतल्या सहावी ते आठवीच्या गणित-विज्ञान शिक्षकांचे बारा-पंधरा जणांचे गट करावेत. जिल्हा परिषदेच्या सातवीपर्यंतच्या शाळा आणि पाचवीपासून सुरू होणारी संस्थांची हायस्कुले यांचे शिक्षक एरवी एकत्र बसत नाहीत, त्यांना मुद्दाम एका गटात घ्यावे. महिन्यातून एकदा एकच प्रश्न सर्वांनी आपापल्या वर्गात द्यावा, मुलांच्या उत्तरांचे फोटो नाव झाकून गटात टाकावेत आणि ठरलेल्या दिवशी तासभर फक्त त्या उत्तरांवर बोलावे. पुढचा पाठ कसा घ्यायचा ते तिथेच ठरवावे. हंगामात बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोडीसाठी आलेल्या कुटुंबांची मुले वर्गात बसतात तेव्हा तर या बोलण्याची गरज दुप्पट होते, कारण त्यांचा अभ्यास कुठे सुटला आहे हे कोणतेच पाठ्यपुस्तक सांगत नाही.

यावर पहिला आक्षेप असा की शिक्षक ऑनलाइन प्रशिक्षण मनावर घेतच नाहीत. व्हिडिओ चालू ठेवून दुसरे काम करतात, उत्तरे व्हॉट्सॲपवर फिरतात आणि प्रमाणपत्र निघते. हे खरे आहे आणि ते झाकण्यात अर्थ नाही. पण जे मोजले जाते तेच केले जाते. शेवटच्या बहुपर्यायी चाचणीवर प्रमाणपत्र अवलंबून असेल तर लोक चाचणी सोडवतील, आणि सोडवण्याचा सर्वांत जवळचा रस्ता शोधतील. आपल्याच वर्गातल्या मुलांची उत्तरे आणून त्यांवर बोलायचे असेल तर तयार उत्तर कुठून उतरवणार? ती दर वर्गाची वेगळी असतात.

दुसरा आक्षेप विज्ञानाबद्दलचा: प्रयोग पडद्यावर शिकता येत नाहीत. तत्त्वतः मान्य. पण प्रयोग बिघडतो कुठे ते पाहा. विद्युतधारा दिव्यात 'संपते', असे अनेक मुलांना वाटते. म्हणून एकसर जोडणीतल्या दोन दिव्यांपैकी आधीचा जास्त उजळेल असा त्यांचा अंदाज असतो. शिक्षक बाजारातून दोन टॉर्चचे दिवे आणून जोडतो आणि एक खरोखरच मंद पेटतो. मुलांचा गैरसमज पक्का होतो आणि शिक्षक गोंधळतो. कारण एवढेच की दोन्ही दिवे एकाच क्षमतेचे नसतात. गटात कोणीतरी सुचवते, दिव्यांच्या जागा बदला. मंद दिवा नव्या जागीही मंदच राहिला तर दोष दिव्याचा आहे, क्रमाचा नाही. एवढी मदत फोटो आणि दोन वाक्यांतून पोचते. हाताला वळण लावण्यासाठी मात्र एकत्र जमायलाच हवे, आणि त्याची सोय जवळ आहे: बारामतीत शारदानगरला २०२२ मध्ये विज्ञान व नवोपक्रम केंद्र सुरू झाले आहे. वर्षातून दोनदा गटाने तिथे भेटावे.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे, कारण तो पुराव्यावर उभा आहे. शिक्षकाला त्याच्या वर्गातल्या कामावर सातत्याने मार्गदर्शन मिळाले तर अध्यापन सुधारते, हे २०१८ मध्ये ६० अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसले, आणि त्यात प्रत्यक्ष व दूरस्थ मार्गदर्शनात ठळक फरक आढळला नाही. पण दक्षिण आफ्रिकेत प्राथमिक शाळांतल्या इंग्रजीच्या अध्यापनावर झालेल्या प्रयोगात तीन वर्षांनी चित्र बदलले: वर्गात येणाऱ्या मार्गदर्शकाचा परिणाम टॅब्लेट आणि फोनवरच्या मार्गदर्शनापेक्षा बराच मोठा होता. विषय वेगळा असला तरी यातून शिकायला हवे. ऑनलाइन भेट प्रत्यक्ष भेटीची जागा घेऊ शकते असे मी म्हणत नाही. माझा प्रश्न वेगळा आहे: आमच्याकडे विषयाचा मार्गदर्शक वर्गात येण्याची सोय आहेच कुठे? तुलना ऑनलाइन गट आणि उत्तम प्रत्यक्ष मार्गदर्शन यांची नाही. ऑनलाइन गट आणि काहीच नसणे यांची आहे. मध्य प्रदेशात १९७२ मध्ये १६ शाळांतून सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम तीस वर्षे चालला, २००२ मध्ये सरकारने बंद करेपर्यंत. त्याचा कणा होता उन्हाळी प्रशिक्षणानंतरच्या मासिक बैठका, जिथे शिक्षक वर्गातल्या अडचणी घेऊन येत. त्या बैठकांसाठी तेव्हा प्रवासावाचून मार्ग नव्हता, आता आहे.

राहता राहिले वेळ, रेंज आणि माणसे. रेंज सगळीकडे सारखी नाही; म्हणून थेट तास एकच ठेवून बाकीचे फोटो आणि आवाजी निरोपांवर चालावे, ते उशिरा पोचले तरी बिघडत नाही. माणसे आहेत: पुण्याच्या आयसर या विज्ञानसंस्थेने आयराइज कार्यक्रमातून राज्यातल्या विज्ञान-गणित शिक्षकांना तयार केले, ते इतरांना शिकवतील या हेतूनेच. वेळेचा प्रश्न खरा आहे. निवडणुकीची कामे, आहाराच्या नोंदी, रोजच्या लिंका यांवर आणखी एक ओझे कोणालाच नको आहे. पण राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० दर शिक्षकाकडून वर्षाला ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा करते. गटाच्या कामाचे महिन्याला दोन तास धरले तर शाळेच्या दहा महिन्यांत वीस होतात. ते या पन्नासात धरावेत, शाळेच्या वेळेत द्यावेत आणि त्यांच्या बदल्यात तेवढ्याच तासांचे सर्वसाधारण कोर्स कमी करावेत. यासाठी नवे ॲप लागत नाही, निविदा लागत नाही. दोन्ही गटशिक्षणाधिकाऱ्यांनी विषयवार शिक्षकांची एक यादी करावी, डायटने (जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेने) दर गटाला एक जाणकार द्यावा आणि या तासाला कर्तव्यकाळ मानणारे एक पत्र निघावे. एवढे न करता पुढचा कोर्स दीक्षावर आला तर आम्ही तो पूर्णही करू आणि प्रमाणपत्रही काढू. सातवीच्या वर्गात त्याने काही बदलेल अशी अपेक्षा मात्र कोणी ठेवू नये.