कॅसेटला फुंकर

आमच्या पिढीतल्या कुणालाही विचारा, व्हिडिओ गेमची कॅसेट चालेना तर काय करायचं? उत्तर एकच मिळेल: काढायची, तोंडापुढे धरून जोरात फुंकायची आणि परत लावायची. आमच्या घरात तर भाईजान आधी ‘बिस्मिल्लाह’ म्हणायचा, मग फुंकायचा. अम्मी तापलेल्या लेकरावर आयत पढून दम करते, तसाच हा कॅसेटवरचा दम.

अब्बांनी एकदा हे पाहिलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे. गोंदियाच्या बाजारात हात पसरले तर दोन्ही भिंतींना लागतील एवढंच दुकान. म्हणाले, “दम बीमार पे करते हैं बेटा, मशीन पे नहीं. फूंक में थूंक होती है.” घड्याळ उघडलं की ते स्वतःचा श्वाससुद्धा बाजूला वळवायचे. धूळ उडवायला त्यांच्याकडे रबराचा छोटा फुगा होता, तो दाबला की कोरडी हवा यायची. दुसऱ्या दिवशी तोच फुगा त्यांनी आमच्या हातात दिला. आम्ही दोन दिवस वापरला आणि परत तोंडाने फुंकायला लागलो.

अब्बांचं बरोबर होतं, हे मला फार उशिरा कळलं. हा खेळ मुळात जपानच्या निन्टेन्डोने १९८३ मध्ये काढलेल्या ‘फॅमिकॉम’चा. आपल्याकडे समुराई, मीडिया, लिटल मास्टर अशा नावांनी जी यंत्रं आली, त्यांतली बहुतेक त्याच घराण्यातली. कॅसेटच्या तळाला पट्टीवर ६० पिना. त्यातली एक जरी नीट टेकली नाही तरी पडदा काळा, नाहीतर मारिओच्या डोक्याच्या जागी आकडे. फुंकल्यावर कॅसेट चालायची ती फुंकरीने नव्हे. काढून परत लावताना पिना वेगळ्या जागी घासायच्या आणि टेकायच्या, म्हणून चालायची. श्रेय फुंकरीला मिळायचं. तोंडातली वाफ मात्र पिनांवर राहायची आणि महिन्या-दोन महिन्यांनी त्या हिरवट पडायच्या. निन्टेन्डोनेही कॅसेटवर फुंकू नका असं सांगून ठेवलं होतं, पण ते गोंदियात कुणी वाचलं होतं?

त्यात आमचं गाव धानाचं. राईस मिलच्या बॉयलरात कोंडा जळतो आणि त्याची काळी राख छतावर वाळत टाकलेल्या कपड्यांवर बसते. ती कॅसेटच्या तोंडातही बसायची. मग पावसाळा, भिंतीला ओल. वर लोडशेडिंग. कॉन्ट्रात सेव्ह नावाचा प्रकार नाही. सातव्या स्टेजला लाईट गेली की लाईट आल्यावर पहिल्या पुलापासून सुरुवात.

आमचा गेम १९९७ चा. ईदीचे पैसे, त्यात अब्बांनी घातलेली भर. कॉन्ट्राची पिवळी कॅसेट भाईजानची, ‘९९९९ इन १’ माझी. माझ्या कॅसेटमध्ये खरे गेम मोजून वीसही नव्हते, तेच नाव बदलून पुन्हा पुन्हा यायचे. भाईजान त्यावरून मला चिडवायचा आणि मला राग यायचा. अजूनही थोडा येतो.

२००४ मध्ये तो रियाधला गेला. स्टेशनवर, गाडी सुटता सुटता म्हणाला, “कॅसेट सांभाळ.” मी ‘हो’ म्हटलं आणि विसरलो. सांभाळल्या त्या अम्मीने. बिस्किटाच्या डब्यात घालून डबा लोखंडी पेटीत, रजयांच्या खाली. आणि कसर लागू नये म्हणून रजयांत घालते तशा चार डांबरगोळ्या कॅसेटच्या डब्यातही टाकल्या. जीव लावून केलं होतं.

२०११ मध्ये अब्बांचा इंतकाल झाला. भाईजानला सुट्टी मिळाली नाही. मय्यत उठली तेव्हा तो फोनवर होता, काही बोलत नव्हता, मीही बोलत नव्हतो, फक्त फोन चालू होता. त्यानंतर आमच्यात काहीतरी अवघडलं. तो का आला नाही, हे मी कधी विचारलं नाही. आणि मी विचारत नाही, हे त्याला खटकत राहिलं.

गेल्या बकरी ईदेला तो मुलाला घेऊन आला. मुलाला बापाचा गेम बघायचा होता. पेटी उघडली. डांबरगोळीचा वास, आणि डब्यात कॅसेट एकमेकींना चिकटलेल्या. डांबरगोळीची वाफ काही प्लॅस्टिकमध्ये मुरते आणि ते मऊ पडतं, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. कॉन्ट्राचा एक कोपरा मेणासारखा बसला होता, लेबल सुटून आलं होतं. अम्मी दारात उभी होती. “मैंने तो अच्छे के लिए रखा था,” एवढंच म्हणाली. भाईजान म्हणाला, “अम्मी, कुछ नहीं हुआ.”

मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून मी आयपीए आणलं. पाणी मिसळलेलं स्पिरिट नको, हे तेवढं माहीत होतं. खोडरबर काढला, तर भाईजानने हात धरला. त्याने पिनांवरचा मुलामाच निघतो. कापसाची काडी, हलका हात, मग वाळायला दहा मिनिटं. नीट पुसता यावं म्हणून त्याने मागचा स्क्रू काढून कॅसेट उघडली.

झाकणाच्या आतल्या बाजूला बारीक टोकाने कोरलं होतं: १२-८-९९, आणि खाली अब्बांची खूण. घड्याळ दुरुस्त केलं की झाकणाच्या आत ते तारीख आणि हीच खूण कोरायचे. ९९ म्हणजे आपला जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला ते वर्ष. त्या पावसाळ्यात कॉन्ट्रा आठवडाभर बंद होती आणि एका सकाळी आपोआप चालू झाली, असं आम्ही समजत होतो. एका पिनेवर डाग होता, हाताने दिलेल्या डाखाचा.

भाईजान बराच वेळ झाकण हातात धरून बसला. मग उठून वजूला गेला. मुलगा विचारत होता, “अब्बू, लगाओ ना.”

कॅसेट दुसऱ्या खेपेला चालली. मुलगा पहिल्या पुलावर तीनदा मेला आणि मोबाईलकडे वळला. आम्ही दोघे फजरपर्यंत खेळलो. मय्यतीचं बोलणं त्या रात्री निघालं. त्याने रजेचा अर्ज कितीदा टाकला होता, ते मला पहिल्यांदा कळलं.

कॅसेट तो घेऊन गेला नाही. आता त्या वेगवेगळ्या कागदात गुंडाळून, घट्ट झाकणाच्या डब्यात, बुटांच्या खोक्यातून निघालेल्या सिलिका जेलच्या पुड्यांसह उभ्या ठेवल्या आहेत, उन्हापासून लांब. पावसाळा लागला की पुड्या बदलतो. परवा त्याचा फोन आला. अम्मीची तब्येत विचारली, धानाचं विचारलं आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, “पेटीतल्या डांबरगोळ्या काढल्यास ना?”