आभाराच्या यादीतून सुटलेली नावं

आमच्या शाळेत कोणताही कार्यक्रम असो, आभारप्रदर्शन माझ्याकडे असतं. प्रास्ताविक मुख्याध्यापक करतात, सूत्रसंचालन तरुण शिक्षक करतात आणि आभार मी मानते. मी सांगलीतल्या एका उर्दू माध्यमाच्या हायस्कूलमध्ये मराठी शिकवते, काही वर्गांना उर्दूही शिकवते. दोन्ही भाषांत चार वाक्यं धड बोलता येतात, म्हणून हे काम माझ्या गळ्यात पडलं ते कायमचंच. तुम्हाला अनुभव असेल, आभार सुरू झाले की पाहुणे घड्याळ बघतात, मुलं चपला शोधतात आणि मागे चहाच्या कपांचा आवाज यायला लागतो. कुणी ऐकत नाही. तरी एखादं नाव राहिलं, तर ज्याचं राहिलं त्याला ते बरोबर ऐकू येतं.

माझ्याकडून एक नाव असं राहिलं होतं. ती गोष्ट 2019 च्या महापुराची.

त्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी चढायला लागलं तेव्हा आमच्या गल्लीतले जुने लोक 2005 च्या पुराची खूण दाखवत होते. तेव्हा पाणी इथवर आलं होतं, यंदाही फार तर तेवढंच येईल, असा सगळ्यांचा हिशेब. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी 57 फुटांच्याही वर गेलं आणि जुनी खूण कुठच्या कुठे बुडाली. आम्ही अंगावरच्या कपड्यांनिशी मिरजेला नातेवाइकांकडे गेलो. निघताना माझ्या सासूबाईंनी, म्हणजे अम्मींनी, एक प्लास्टिकची पिशवी छातीशी धरली होती. त्यात काय आहे हे विचारायला वेळ नव्हता. 12 तारखेला बकरी ईद आली. नमाज झाली आणि घरातली माणसं पूरग्रस्तांना जेवण वाटायला निघून गेली.

शाळेच्या तळमजल्यातही पाणी शिरलं होतं. बाकं फुगली, नकाशे गेले, ग्रंथालयाची खालची दोन कपाटं गेली. पण जनरल रजिस्टरं मात्र वाचली. शाळेत काम न केलेल्यांना यातलं महत्त्व चटकन कळणार नाही. शाळेत आलेल्या प्रत्येक मुलाचं नाव, जन्मतारीख, जात, दाखल झाल्याची आणि शाळा सोडल्याची तारीख त्यात असते. पन्नास वर्षांनी कुणी शाळा सोडल्याचा दाखला मागायला आलं, तर तो या रजिस्टरावरूनच निघतो. ती भिजली असती तर हजारो माणसांच्या जन्माचा पुरावा पाण्यात गेला असता.

ती वाचवली आमच्या शिपाईमामांनी. पाणी फाटकाशी आलेलं पाहून ते एकटे शाळेत थांबले. रजिस्टरं, हजेरीपट, आमची सर्व्हिस बुकं असं सगळं डोक्यावरून जिन्याने वरच्या मजल्यावर नेलं. त्याच रात्री त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी शिरलं. बायकोने आणि मुलीने जमेल तेवढं सामान शेजारच्या गच्चीवर टाकलं, बाकीचं गेलं.

शाळा पुन्हा भरल्यावर 5 सप्टेंबरला आम्ही छोटा कार्यक्रम ठेवला. मी मोठी यादी करून नेली होती. वह्या देणारे, गणवेश देणारे, टँकर पाठवणारे, चिखल काढायला लांबून आलेली कॉलेजची मुलं, अधिकारी, पत्रकार, अगदी मंडपवालाही. भाषण चांगलं झालं, टाळ्या पडल्या. मामा चहाचा ट्रे घेऊन फिरत होते. माझ्यासमोर कप धरून म्हणाले, "मॅडम, बहुत अच्छा बोले."

रात्री जेवताना मी अम्मींना कार्यक्रमाचं सांगत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि विचारलं, "वो रजिस्टरवाले मामू का नाम लिया ना?"

घास हातातच राहिला. मामांनी काय केलं ते मीच तर अम्मींना आठवडाभर कौतुकाने सांगत होते.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्या शिक्षकांसमोर, स्टाफरूममध्ये, मामांची माफी मागितली आणि त्या रात्री त्यांनी काय काय केलं ते एकेक करून सांगितलं. मामा अवघडले. दाराशी उभे राहून खांद्यावरच्या फडक्याशी चाळा करत म्हणाले, "उसमें मेरा भी नाम है, मॅडम. और बेटी का भी." आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं. मामा याच शाळेत आठवीपर्यंत शिकले होते.

त्यानंतर मला सावित्रीबाईंच्या एका पत्राची वारंवार आठवण येऊ लागली. सावित्रीबाई सातारा जिल्ह्यातल्या नायगावच्या आणि मीही साताऱ्याची, त्यामुळे आम्हा सातारकर शिक्षिकांचा त्यांच्यावर थोडा जास्त हक्क. 1856 च्या ऑक्टोबरमध्ये आजारपणामुळे त्या माहेरी नायगावला होत्या. तिथून त्यांनी जोतिबांना पत्र लिहिलं. त्यात त्या स्वतःच्या प्रकृतीबद्दल लिहितात, भावाने किती सेवा केली ते लिहितात आणि पुण्यात मागे राहिलेल्या फातिमाचीही आठवण काढतात. आपण नसल्यामुळे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा त्याचा भाव. फातिमाबद्दलचा मजकूर एवढाच. आज फातिमा शेख यांच्याविषयी आपण जे मोजकं जाणतो, त्यात या छोट्याशा उल्लेखाला केवढं मोल आहे! एका शिक्षिकेने आजारपणात, दूर गावी, आपल्या सहकारी बाईचं काम आठवलं आणि ते कागदावर उतरवलं. त्यात आभार हा शब्दही नाही.

कुरकुर न करणारी माणसंच आभाराच्या यादीतून सुटतात, हे मला मामांमुळे कळलं. जो कुरकुर करतो त्याला आपण विसरूच शकत नाही.

भाषा शिकवणारीला शब्द उलगडून बघायची खोड असते. कृतज्ञ म्हणजे केलेलं जाणणारा. आधी जाणायचं, बोलणं त्यानंतर. उर्दूत आपण शुक्र म्हणतो आणि त्याच्या उलट कुफ्रान-ए-नेमत. अरबीत कुफ्रच्या मुळाशी झाकणं, दडवणं हा अर्थ आहे. म्हणजे मिळालेलं झाकून ठेवणं ही नाशुक्री. जो माणसांचे आभार मानत नाही त्याने अल्लाहचेही मानले नाहीत, या अर्थाची हदीस आपण लहानपणापासून ऐकतो. मी दिवसातून पाच वेळा अल्लाहचे शुक्र मानत होते आणि ज्यांच्या हातून त्याने दिलं ते हात मला दिसत नव्हते.

एवढं कळूनही घरात मात्र मी तशीच राहिले.

गेल्या नोव्हेंबरच्या अखेरीस नणंदेच्या मुलाचा अमेरिकेतून व्हिडिओ कॉल आला. तिकडे नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग असतं. आदल्या दिवशी त्याच्या ऑफिसात प्रत्येकाने घरून एकेक पदार्थ नेला होता, याने बिर्याणी नेली. जेवायच्या आधी प्रत्येकाने आपण कुणाचे आणि कशासाठी आभारी आहोत ते सांगायचं, अशी तिथली रीत. लिंकन यांनी 1863 मध्ये हा दिवस देशभर पाळायला सांगितला. त्यामागची गोष्ट मात्र 1621 ची. इंग्लंडहून आलेल्यांनी पहिलं पीक हाती आल्यावर जेवण केलं, त्यात वाम्पानोआग लोकही होते. नव्या भूमीत पीक काढायला त्याच लोकांनी त्यांना शिकवलं होतं. पुढे त्यांच्याच जमिनी गेल्या. 1970 पासून तिथले मूळनिवासी या दिवशी प्लिमथला जमून शोक पाळतात. आभाराच्या सणातही कुणाचं तरी नाव सुटलेलं असतंच.

भाच्याने आम्हालाही एकेक करून बोलायला लावलं. सगळे हसायला लागले. मिस्टर म्हणाले, "भूक लागलीय, खाऊ घालेल तिचे आभार." अम्मींनी तर विषयच संपवला, "घर के लोगों को कोई शुक्रिया बोलता है क्या? पराये हैं क्या?" माझी पाळी आली तेव्हा मी काहीतरी गुळमुळीत बोलले आणि फोन पुढे दिला.

त्या रात्री झोप लागेना. अम्मींचं म्हणणं खरं होतं. आपल्याकडे घरातल्या माणसाला शुक्रिया म्हटलं तर त्याला दूर ढकलल्यासारखं होतं. इथला शेतकरी बेंदराला बैलाचा खांदा हळद आणि तुपाने मळतो, तोंडाने काही बोलत नाही. पण तो खांदा नेमका कुठे घासला गेलाय, हे त्याला ठाऊक असतं. मला अम्मींचा खांदा ठाऊक होता का?

2001 साली मी बीएडला साताऱ्याच्या आझाद कॉलेजात प्रवेश घेतला तेव्हा माझी मुलगी वर्षाची होती. कॉलेज रयत शिक्षण संस्थेचं. कर्मवीर भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी बोर्डिंगातली मुलं उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिलं, हे तिथे शिकणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. मी माहेरी राहून शिकले. मुलगी सांगलीला अम्मींकडे राहिली. शनिवारी एसटीने यायचं, रविवारी संध्याकाळी परत जायचं. फीचे पैसे अम्मींच्या शिलाई मशीनमधून आले होते. लक्ष्मीबाईंवर मी विद्यार्थ्यांसमोर दहा वेळा बोलले असेन. अम्मींवर एकदाही नाही.

आणि ती पुरातली प्लास्टिकची पिशवी! मिरजेला पोचल्यावर अम्मींनी ती माझ्या हातात दिली होती. आत माझी सर्टिफिकेटं होती, दहावीपासून बीएडपर्यंतची. मशीन घरातच राहिलं आणि चिखलात गेलं. मी तेव्हा म्हटलं होतं, "अम्मी, मशीन तरी वर ठेवायचं होतं." मी एवढंच म्हटलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी अम्मी लसूण सोलत होत्या. मी शेजारी बसले, चार पाकळ्या हातात घेतल्या आणि शुक्रिया न म्हणता विचारलं, "अम्मी, मी साताऱ्याला होते तेव्हा मुन्नी रात्री झोपायची का हो?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तेवीस वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मग त्या बोलू लागल्या. पहिले दोन महिने ती रात्री रडायची. मी ठेवून गेलेली एक ओढणी त्या अंगाभोवती गुंडाळून तिला घेऊन फिरायच्या. मशीन चाललं की ती शांत व्हायची, म्हणून शिवायला कपडा नसला तरी रात्री रिकामं मशीन चालवत बसायच्या. मी शेजारच्यांकडे फोन करायचे तेव्हा म्हणायच्या, "बेटी मजे में है." का सांगितलं नाही, असं मी विचारलं. "बताती तो तू पढ़ती?"

अम्मी बराच वेळ बोलत राहिल्या. लसूण संपला तरी आम्ही उठलो नाही. मुलगी आता पुण्यात नोकरी करते. संध्याकाळी तिला फोन करून मी हे सगळं सांगितलं. ओढणीचा रंगही सांगितला, कारण अम्मींना तो अजून आठवत होता.

या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात आभार माझ्याकडेच होते. मी मुख्याध्यापकांची परवानगी घेऊन जनरल रजिस्टर व्यासपीठावर मागवलं आणि त्यातली मामांची नोंद वाचून दाखवली. नाव, जन्मतारीख, शाळेत दाखल झाल्याचा दिवस. मग 2019 ची रात्र सांगितली. कुणी घड्याळ बघितलं नाही. त्या दिवशी चहा मात्र आम्ही शिक्षकांनी वाटला आणि पहिला कप मामांना दिला.