जहाजावर पाऊल ठेवण्यापूर्वीं

सहकुटुंब प्रवास म्हटला, तरी घरांतील एकदोघींच्या वाट्यास तो पुरतेपणीं कधीं येतच नाहीं. महाबळेश्वरास जा, नाहींतर नरसोबाच्या वाडीस जा. बिऱ्हाड बदलतें, पण चूल सुटत नाहीं. सासूबाईंचें पथ्य, लहानांचें दूध, पुरुषमंडळींचा चहा, हीं सारीं कामें सामानाबरोबरच सूनबाईंच्या मागें निघतात. म्हणून मुंबई बंदरांतून सहलीकरितां सुटणाऱ्या मोठ्या जहाजाची गोष्ट घरांत निघाली, तर ती केवळ श्रीमंती चैन म्हणून झिडकारूं नये. जेथें घरच्या एकीलाही पदर खोचावा लागत नाहीं, असा प्रवास आपल्या कुटुंबांत विरळाच.

कोकणच्या माणसास जहाज परकें नाहीं. पूर्वीं मुंबईहून आगबोटींत बसून लोक रत्नागिरी, मालवण करीत गोव्यापर्यंत जात. ती बोट म्हणजे गांवची वाट होती. डेकवर वळकटी पसरून रात्र काढावी, आणि बंदर आलें कीं पडावांत उतरून किनारा गांठावा. पुढें रस्ते सुधारले, आगबोटी बंद पडल्या, आणि १९९८ सालीं कोकण रेल्वे सर्व मार्गावर धांवूं लागली. त्यानंतर समुद्राची वाट पुनः उघडली ती सहलीच्या रूपानें. २०१८ च्या ऑक्टोबरांत ‘आंग्रिया’ हें जहाज मुंबई-गोवा मार्गावर निघालें. २०२१ च्या सप्टेंबरांत कॉर्डेलिया कंपनीच्या ‘एम्प्रेस’ जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. १९९० सालीं फ्रान्समधील सेंट-नाझेर येथें बांधलेलें हें जहाज सुमारें २१० मीटर लांब आहे. गोवा, कोची, लक्षद्वीप असे त्याचे मार्ग हंगामानुसार ठरतात.

अशा जहाजावर शाकाहारी आणि जैन जेवणाची सोय असते. पोहण्याचा तलाव, मुलांचें क्रीडागृह, नाटकगृह हें सर्व एकाच छपराखालीं मिळतें. परंतु येथेंच एक धोका आहे. मुलें तलावावर, तरुण मंडळी गाण्याबजावण्यांत, कोणी जुगाराच्या दालनाशीं घुटमळत, आणि आजी-आजोबा खोलींत एकटींच. अशी पांगापांग होण्यास वेळ लागत नाहीं. एकत्र निघालेलें कुटुंब परततांना प्रत्येकाची निराळी हकीकत घेऊन परततें. त्यावर उपाय दोन. रात्रीचें जेवण सर्वांनीं एका पंक्तीस करावें, हा पहिला. दुसरा असा कीं, जहाज सुटण्याच्या आदल्या दिवशींच मुंबईस येऊन तो दिवस बंदराच्या आसपास सर्वांनीं मिळून घालवावा. जहाज विसांवा देतें. सर्वांची मिळून एक आठवण हवी असेल, तर ती बहुधा बंदरावर सांपडते.

जहाज लागतें तो बॅलार्ड पिअरचा परिसर पायीं हिंडण्याजोगा आहे. येथील बॅलार्ड इस्टेट ही समुद्रांत भराव घालून मिळविलेल्या जमिनीवर उभी आहे. तिची आंखणी जॉर्ज विटेट या वास्तुशिल्पज्ञानें केली. त्याच विटेटचें काम पुढें दक्षिणेस दोन ठिकाणीं भेटतें: १९२२ सालीं लोकांस खुलें झालेलें वस्तुसंग्रहालय, जें आज छत्रपति शिवाजी महाराजांचें नांव धारण करतें, आणि १९२४ सालीं पुरें झालेलें गेटवे ऑफ इंडिया. एकाच माणसाच्या हातचीं हीं तीन कामें मुलांकडून ओळखून घ्यावीं; त्यांस तो खेळच वाटेल. बादशहाच्या आगमनाचें स्मारक म्हणून उभारलेल्या त्याच कमानींतून २८ फेब्रुवारी १९४८ रोजीं इंग्रजांची शेवटची पलटण परत गेली, ही गोष्ट आजोबांनीं तेथेंच उभें राहून सांगावी. वाटेंत १८३३ सालीं पुरा झालेला टाउन हॉल लागतो. त्याच्या रुंद पायऱ्यांवर दमलेल्यांस क्षणभर टेंकतां येतें.

गेटवेवरून लाँचनें तासाभरांत घारापुरीस जातां येतें. तेथील त्रिमुखी सदाशिवमूर्ति सुमारें २० फूट उंच असून तिच्या मुद्रेवरील शांति पाहतांना बडबड्या मुलांचाही आवाज आपोआप खालीं येतो. मात्र लेणीं सोमवारीं बंद असतात, पायऱ्या पुष्कळ चढाव्या लागतात, आणि भरपावसांत लाँच निघत नाहींत. जहाजावर चढावयाच्या दिवशीं घारापुरीचा घाट घालूं नये. परत येण्याच्या घाईंत दर्शनाचा आनंद हरवतो.

बॅलार्ड पिअरच्या उत्तरेस भाऊचा धक्का आहे. १७ जुलै १९४७ रोजीं, दिव्याच्या अवसेस, येथूनच ‘रामदास’ बोट रेवसकडे निघाली आणि वाटेंत वादळी समुद्रांत उलटली. सहाशेंहून अधिक माणसें गेलीं. सणाकरितां घरीं निघालेल्या कित्येकांची वाट पाहणाऱ्या अलिबागकडील घरांत ती अवस पुढें कैक वर्षें दुःखाचीच राहिली. हें सांगतों तें भय घालण्याकरितां नव्हे. जहाजावर चढल्यानंतर सर्व उतारूंस संकटकाळीं कोठें जमावें, जीवरक्षक जाकीट कसें बांधावें, हें शिकविणारी एक कवाईत होते. पुष्कळ मंडळी ती टाळण्याची खटपट करतात. २०१२ च्या जानेवारींत इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आदळलें, तेव्हां त्याच दिवशीं चढलेल्या शेंकडों उतारूंची कवाईत व्हावयाचीच होती. त्यानंतर नियम कडक झाले, आणि २०१५ पासून ही कवाईत जहाज सुटण्यापूर्वीं किंवा सुटतांच घेणें आवश्यक ठरलें. तेव्हां घरच्या कर्त्या पुरुषानें त्या वेळीं खाण्याच्या टेबलाकडे न वळतां सर्वांस घेऊन हजर व्हावें. आजींचें जाकीट नातवानें बांधावें आणि नातवाचें आजींनीं तपासावें. ह्या अर्ध्या तासाचें मोल साऱ्या करमणुकीहून अधिक आहे.

सामान थोडें घ्यावें. औषधें हाताशीं ठेवावीं. ओळखपत्र प्रत्येकाचें प्रत्येकाजवळ असावें. आणि एक गोष्ट निघण्यापूर्वींच घरांत ठरवून टाकावी: या चार दिवसांत ‘जरा बघ गं’ ही हांक घरच्या सुनेस कोणीं मारावयाची नाहीं. मुंबईचे दिवे मागें पडूं लागले म्हणजे तिनें कठड्याशीं उभें राहून ते पाहावे. तेवढा वेळ मुलांस आजोबांनीं सांभाळावें.