शाळेची वाट

माझ्या आजीची एक गोष्ट आमच्या घरी वारंवार सांगितली जाई. ती बडोदे संस्थानात वाढली. सयाजीराव महाराजांनी १९०६ साली सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा सबंध संस्थानाला लागू केला, म्हणून तिच्या वडिलांना तिला शाळेत घालणे भाग पडले. परंतु त्या कायद्यात मुलांसाठी सक्ती वयाच्या १२ व्या वर्षापर्यंत होती, मुलींसाठी मात्र १० व्या. आजीला दहावे वर्ष पुरे झाले आणि त्याच आठवड्यात तिची पाटी माळ्यावर गेली. “सरकारचे देणे फिटले,” असे तिचे वडील म्हणाले म्हणे. कायदा मुलीला शाळेच्या दारापर्यंत आणतो. पुढचे सारे घरच्यांच्या मनावर असते, हे मला त्या गोष्टीतून प्रथम उमगले. पण ते मन कशाने वळते, हे कळायला मात्र अर्धे आयुष्य जावे लागले.

यजमानांच्या रेल्वेतील नोकरीमुळे आमचे बिऱ्हाड पाटण्याजवळ दानापूरला होते. शिक्षिकेच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर मी सोनच्या कालव्याकाठच्या एका खेड्यात मुलींना गणित शिकवायला जात असे. गावातील शाळा आठवीपर्यंतच होती. पुढची शाळा ५ किलोमीटरांवर, कालव्याच्या कडेने आणि आमराईतून जाणाऱ्या वाटेवर. त्या वर्गातील एक मुलगी विलक्षण हुशार होती. व्याजाची उदाहरणे ती तोंडी सोडवी आणि उत्तर सांगून झाल्यावर हलकेच हसे.

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत एका तरुणीवर चालत्या बसमध्ये जो अमानुष अत्याचार झाला, त्याने सारा देश पेटून उठला. आमच्या वस्तीतील स्त्रियांनीही मेणबत्त्या घेऊन फेरी काढली. अपराध्यांना तत्काळ फाशी द्यावी, अशा अर्जावर मी सही केली. सही करताना माझा हात कापला नाही, आणि त्या संतापाची मला आजही लाज वाटत नाही.

पुढे एप्रिल उजाडला. नववीत नाव घालण्याचे दिवस आले, पण त्या मुलीचे नाव कोणी घातले नाही. मी तिच्या घरी गेले. तिच्या वडिलांनी मला खाटेवर बसवले, पाणी दिले आणि माझे सारे बोलणे शांतपणे ऐकून घेतले. मग ते म्हणाले, “बहेनजी, त्या लोकांना फाशी होईल; व्हायलाच हवी. पण ती होईल दिल्लीत. माझ्या मुलीला जायचे आहे कालव्याच्या पुलावरून. तिथे संध्याकाळी टोळके बसलेले असते. तिथे कोण उभे राहणार?”

या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आठवीच्या त्या वर्गात मी वर्षभर शिकवले होते. परंतु माझ्या विद्यार्थिनींना पुढे ज्या वाटेने जायचे, ती वाट मी एकदाही चालून पाहिली नव्हती.

त्याच सुमारास न्यायमूर्ती वर्मा समितीचा अहवाल मी वाचला. जानेवारी २०१३ मध्ये अवघ्या महिन्याभरात सिद्ध झालेल्या त्या अहवालाने शिक्षा कठोर करण्यास सांगितले, पण बलात्कारासाठी फाशीची शिफारस केली नाही. तरी त्याच वर्षीच्या कायद्याने काही प्रसंगी फाशीची तरतूद केली; २०१८ साली १२ वर्षांखालील मुलींवरील अत्याचारासाठीही ती आली. उलटपक्षी, विधी आयोगाने २०१५ साली दहशतवादाचे व देशाविरुद्ध युद्धाचे गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, असे सुचवले. दोन्ही बाजूंना विचारी माणसे आहेत. मुलगी गमावलेल्या आईला दयेचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही, असे मला वाटते. परंतु या वादात कोणाचेही मत खरे ठरले, तरी पुलावरच्या संध्याकाळचा प्रश्न तसाच उरतो.

त्याचे थोडेबहुत उत्तर मला एका साध्या वस्तूत सापडले. बिहार सरकार २००६ पासून नववीत नाव घालणाऱ्या मुलींना सायकलीसाठी पैसे देत असे. मी पुन्हा त्या घरी गेले, या वेळी आणखी दोन मुलींच्या आयांना बरोबर घेऊन. एका सकाळी आम्ही सारे ती वाट पायी चाललो. तिघींनी एकत्र जावे, एकत्र यावे आणि दिवस मावळण्यापूर्वी घरी असावे, असे ठरले. आठवड्यातून दोन दिवस संध्याकाळी पुलापाशी जाऊन उभे राहण्याचे मी कबूल केले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “नाव घाला.”

पुढे या योजनेचा अभ्यास केलेल्या अर्थशास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की तिच्यामुळे माध्यमिक शाळेत नाव असलेल्या मुलींचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे व मुली यांतील अंतर ४० टक्क्यांनी घटले. शाळा जितकी दूर, तितका लाभ अधिक. आकडे मोठे आहेत. माझ्या डोळ्यांपुढे मात्र तीनच सायकली येतात. त्यांतीलही एक वर्षभरात थांबली. त्या मुलीचे लग्न ठरले आणि आम्हांला ते रोखता आले नाही. उरलेल्या दोघी २०१५ साली मॅट्रिक झाल्या.

२० मार्च २०२० रोजी पहाटे तिहारमध्ये चौघांना फाशी झाल्याची बातमी आली, तेव्हा मला त्या गृहस्थांचे शब्द आठवले. सात वर्षांपूर्वी मी सही करून जे मागितले होते, ते झाले होते. मला आनंद झाला नाही, दुःखही झाले नाही. पुलावर आता कोण बसत असेल, एवढाच विचार मनात आला.

१९५१ साली आपल्या देशात शंभर स्त्रियांमागे जेमतेम ९ साक्षर होत्या; २०११ मध्ये हे प्रमाण ६५ च्या घरात गेले. आज पटावरील नावांच्या बाबतीत देशातील मुली मुलांच्या बरोबरीला आल्या आहेत. हे यश लहान नाही. पण पटावरचे नाव आणि वर्गात बसलेली मुलगी यांच्यामध्ये एक वाट असते. आपल्या शेजारची मुलगी कोणत्या वाटेने शाळेला जाते, हे वाचकांनी एखाद्या सकाळी तिच्याबरोबर चालून अवश्य पाहावे.