जसे आहे, जेथे आहे

लिलावाच्या कागदांत एक शब्दप्रयोग हमखास असतो : ‘ॲज इज, व्हेअर इज’. हिंदीत ‘जैसा है, जहाँ है’. बँकांच्या नोटिशी मराठी वर्तमानपत्रांत छापून येतात, त्यांत ‘जसे आहे, जेथे आहे’. माल असेल त्या अवस्थेत, पडला असेल त्या जागेवरून उचलायचा. मागाहून तक्रार चालणार नाही. कवितांच्या अनुवादावर घर चालत नाही, म्हणून मी असल्या नोटिशीही करत असे. 2007च्या ऑक्टोबरात तोच कागद आमच्याच घरासमोर आला.

दादाला लष्कराने मोडीत काढलेला शक्तिमान ट्रक घ्यायचा होता. बाबा जाऊन वर्ष झालं होतं आणि त्यांच्या फंडाचे पैसे आईच्या खात्यावर होते. आईने मला बोलावून सांगितलं, “तुला कागदं समजतात. त्याच्यासंगं जा, वाच, अन् नाही म्हण.” म्हणजे निकाल आधीच लागला होता, मी फक्त वाचून दाखवायचा होता.

शक्तिमान या नावावर मात्र मी आधीपासून लुब्ध होते. जर्मनीतल्या एका कंपनीच्या आद्याक्षरांतून ‘मान’ आला. तिच्या परवान्याने 1959पासून जबलपूरच्या तोफगाडी कारखान्यात हे ट्रक तयार होऊ लागले. त्याच्याआधी ‘शक्ती’ लावली की संस्कृतचा अगदी शुद्ध शब्द होतो, आणि जर्मन मालकही खूश. शाब्दिक कोटीचा अनुवाद होत नाही असं आम्हाला एम.ए.ला शिकवलं होतं. इथे कुणा सरकारी माणसाने दोन भाषांना एकाच कोटीत बसवलं होतं. तिथलीच जोंगा जीप घ्या. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं, पण ऐकताना हिमालयातलं एखादं खेडं वाटावं.

लष्कर एकेक ट्रक विकत नाही. अख्खा लॉट एखादा कबाडी उचलतो आणि मग सुटे विकतो. आमच्या कबाड्याच्या आवारात आठ-दहा ट्रक गवतात उभे होते. नंबरप्लेटवर सुरुवातीला वर टोक केलेला बाण, मग वर्षाचे दोन आकडे. तो बाण ब्रिटिश अमदानीत सरकारी मालावर मारत. दादा चाकं आणि चासी बघत होता, मी कागद. विक्रीचा आदेश, इंजिन नंबर, चासी नंबर, सगळं जुळत होतं. सोबत एक निवृत्त हवालदार होते, आयुष्यभर फौजेच्या गाड्या चालवलेले. आम्ही त्यांना उस्ताद म्हणत होतो. त्यांनी तेलाची काडी ओढून बोटावर तेल चोळलं, वास घेतला, म्हणाले, “चलेगी.” नाही म्हणावं असं कागदात काही नव्हतं, आणि मी म्हटलंही नाही. आईला काय सांगायचं ते परतीच्या वाटेवर ठरवू, असा विचार केला.

निघायला तीन दिवस लागले. तात्पुरता नंबर घ्यायचा होता आणि रंग बदलायचा होता. मोटार वाहन नियमांतला 121वा नियम सांगतो की संरक्षण खात्याखेरीज कुणाच्याही गाडीला ऑलिव्ह हिरवा रंग चालणार नाही. गॅरेजमध्ये स्वस्तात होता तो निळा मारला. बिजागऱ्यांच्या फटींत हिरवा राहिलाच.

तिलवारा घाटाच्या पुलावर नर्मदा ओलांडली तेव्हा सकाळचे सात वाजले होते. नागपूरपर्यंत पावणेतीनशे किलोमीटर, आणि वेग चाळीसचा. दोनदा क्लच दाबल्याशिवाय गिअर पडत नव्हता आणि केबिनमध्ये बोलायचं तर ओरडावं लागत होतं. बरगी, धूमा, लखनादौन, छपाऱ्याला वैनगंगा. या रस्त्यावर मराठी कुठे संपते हे मला आजवर नीट सांगता आलेलं नाही. 1956पर्यंत जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होती, आणि अजूनही सिवनीच्या चहावाल्याने आमचं बोलणं ऐकून न विचारता मराठीत हिशेब सांगितला. गावोगावची पोरं निळ्या ट्रकला सलाम ठोकत होती. आकार त्यांना पाठ होता. उस्तादही दर वेळी सलाम परत करत होते, हसत नव्हते.

कुरईचा घाट तेव्हा खड्ड्यांनी भरलेला होता. आता तिथे खालून वन्यप्राणी जावेत म्हणून महामार्ग उंचावर नेला आहे. आम्ही मात्र पायी चालल्यासारखे उतरत होतो, आणि त्या संथपणात दादा बोलायला लागला. बाबा दरवर्षी संत्र्याची बाग उक्ती देत. फळ झाडावर असतानाच व्यापारी यायचा, बागेतून एक फेरी मारायचा आणि आकडा सांगायचा. एका वर्षी बाबांनी त्याला चहा पाजला, आकडा ऐकला, मान हलवली आणि तो गेल्यावर संध्याकाळपर्यंत कुणाशी बोलले नाहीत. “माल आपण कळमन्याला नेला असता तर निदान भाव काय लागतो ते डोळ्यांनी दिसलं असतं,” दादा म्हणाला. “तोट्यात गेलो तरी चालेल. पण मला तो माणूस पुन्हा अंगणात नको.” हे त्याने आईला कधी सांगितलं नव्हतं. मला तरी त्या दिवशी का सांगितलं, देव जाणे. इंजिनच्या आवाजात अर्धं ऐकू येणार नाही अशी खात्री असावी.

खवासाच्या नाक्यावर कारकुनाने माल काय म्हणून विचारलं. रिकामा, म्हटलं. त्याने मागे जाऊन खरंच पाहिलं.

काटोलजवळच्या शेतावर पोचलो तेव्हा मध्यरात्र उलटली होती. आईला मी फोनवर एवढंच सांगितलं होतं की कागद स्वच्छ आहेत. सकाळी ती बाहेर आली, ट्रकभोवती एक चक्कर मारली. “अगा बाप्पा, केवढा हा!” मग दादाकडे न बघता उस्तादांना विचारलं, यात माणसं किती बसत होती?

“वीस तो आराम से, माताजी. सामान के साथ.”

आईने पदर खोचला, फळीला धरून मागे चढली आणि आतल्या बाकावर हात फिरवला.

“हे बाक काढले,” ती म्हणाली, “तर पेट्या किती मावतील?”